नव्या रॅपर्सचा लेबल अल्बम: आधी नावं मोजा, मग गाणी

लेबलच्या, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीच्या, नव्या पोरांचा एकत्र अल्बम काढायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगला कोणीतरी म्हणतं, "वीस गाणी करू, सगळ्यांना घेऊ." चहा संपेपर्यंत अल्बमचं नाव ठरतं, कव्हर कोण करणार ते ठरतं आणि ओळखीतल्या प्रत्येक पोराला फोन जातो. चार महिन्यांनी अल्बम येतो, जो तो आपापलं गाणं स्टेटसला टाकतो, आणि आठवड्याने ऐकणाऱ्याला विचारलं तर एकही नाव सांगता येत नाही. आमचा पहिला अल्बम असाच गेला. सतरा गाणी, पंधरा कलाकार. वरातीत नाचणारे पुष्कळ, पण नवरा कोण ते कळेना.

दुसऱ्या खेपेला आम्ही भिंतीवर एकच ओळ चिकटवली: अल्बम संपल्यावर ऐकणाऱ्याला तीन नावं आठवली पाहिजेत. पुढे प्रत्येक भांडण त्या ओळीपाशी नेऊन सोडवलं. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय.

माणसं निवडणं

न्यूयॉर्कच्या रॉकस रेकॉर्ड्सने १९९७ मध्ये 'साउंडबॉम्बिंग' काढला. लेबल लहान, कलाकार बहुतेक नवखे. पण मॉस डेफ आणि तालिब क्वेली ही नावं त्यात वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर कानावर पडत राहतात. पुढच्याच वर्षी, १९९८ ला, या दोघांचा 'ब्लॅक स्टार' आला तेव्हा ऐकणाऱ्याला ती माणसं आधीच ओळखीची होती. शिवाय सगळी गाणी डीजे ईव्हिल डीने एका सलग मिक्समध्ये ओवली होती, त्यामुळे कानाला ती वेगवेगळ्या पोरांच्या डेमोंची थैली वाटत नाही, एका घरातली माणसं वाटतात.

यातून आम्ही काढलेलं गणित असं: सहा कलाकार, दहा गाणी. प्रत्येकाचं एक एकट्याचं, म्हणजे सहा. तीन जोड्या, म्हणजे तीन. आणि सहाही जणांचं मिळून एक सायफर, म्हणजे एकाच बीटवर आळीपाळीने सगळ्यांचा रॅप. असं केलं की प्रत्येक आवाज तीनदा ऐकू येतो. पहिल्यांदा कान दचकतो, दुसऱ्यांदा ओळखतो, तिसऱ्यांदा वाट बघतो. पंधरा जणांना एकेक गाणं दिलं तर प्रत्येकाला पहिल्या दचकण्यापलीकडे काही मिळत नाही.

गाणी कमी ठेवायला एक रोकडं कारणही आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान १००० स्ट्रीम नसतील तर त्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी जमाच होत नाही. नवख्या पोरांच्या वीस गाण्यांतली किती हा उंबरठा ओलांडतील याचा प्रामाणिक अंदाज एकदा कागदावर मांडा.

निवडताना आम्ही एक चाचणी घेतो. सगळ्यांचे डेमो बीट (रॅपखाली वाजणारं संगीत) काढून नुसत्या आवाजात, नावं न सांगता, रॅप न ऐकणाऱ्या कोणाला तरी ऐकवायचे. माझ्याकडे ही परीक्षक म्हणजे माझी मावशी. तिने "हा आणि मघाचा एकच ना?" असं विचारलं की त्या दोघांपैकी एकालाच घ्यायचं. मराठीत आपल्याला इथे आयता फायदा आहे. अमरावतीकडचा पोरगा वऱ्हाडीत बोलला, कोल्हापूरचा त्याच्या हेलात आणि मालवणचा मालवणीत, तर तीन आवाज आपोआप वेगळे होतात. पण माईकसमोर उभं राहिल्याबरोबर पोरं घरची बोली सोडून कुठल्यातरी परक्या हेलात मराठी शब्द चावायला लागतात. त्याला तिथेच थांबवायचं आणि सांगायचं, आईशी भांडतोस तसं बोल.

कागद, आणि तेही रेकॉर्डिंगच्या आधी

हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून इथेच सगळे आपटतात.

सुरुवात बीटपासून. नव्या रॅपरचं निम्मं काम ऑनलाइन घेतलेल्या बीटवर झालेलं असतं. "घेतलेली" म्हणजे बहुतेकदा लीजवर: तोच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेला असू शकतो, स्ट्रीमच्या संख्येवर मर्यादा असते, आणि परवाना ज्याने पैसे भरले त्याच्या नावावर असतो, लेबलच्या नाही. आमच्या पहिल्या अल्बममधलं सगळ्यात चाललेलं गाणं असंच अडकलं. यूट्यूबवर टाकल्यावर तिसऱ्या दिवशी दावा लागला, कारण त्याच बीटवर दुसऱ्या कोणीतरी आपलं गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबची मालकी ओळखणारी यंत्रणा) नोंदवलं होतं. खरं तर लीजच्या अटींनुसार तशी नोंदणी त्यालाही करता येत नव्हती आणि आम्हालाही. आम्ही अटी वाचल्या त्या दावा लागल्यावर. तेव्हापासून नियम एकच: अल्बमचा प्रत्येक बीट ओळखीच्या प्रोड्यूसरकडून, एक्स्क्लुझिव्ह, लेखी, आणि स्टेम्ससह (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल). सहा रॅपर्सना दोन-तीनच प्रोड्यूसर असले तर अल्बमचा रंगही एक राहतो.

सॅम्पलचं, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून कापून घेतलेल्या तुकड्याचं, त्याहून नाजूक. जुन्या मराठी सिनेमातली लावणी कापून बीट करायचा मोह प्रत्येकाला होतो. "पाच सेकंदांपर्यंत चालतं" असा कुठलाही नियम कायद्यात नाही. एका सॅम्पलसाठी दोन परवानग्या लागतात: एक रेकॉर्डिंगच्या मालकाची, दुसरी शब्द आणि चालीच्या मालकाची. भारतात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, गीत आणि संगीतावरचा तर कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अमेरिकेत १९९१ साली रॅपर बिझ मार्कीच्या खटल्याने हिप हॉपमधली फुकटच्या सॅम्पलची चैन संपवली, तेव्हापासून तिथली लेबलंही आधी परवानगी घेतात आणि मग गाणं काढतात. आपल्याला सोपा मार्ग आहे: हलगी किंवा संबळ वाजवणाऱ्याला स्टुडिओत बोलवा, दोन तास रेकॉर्ड करा, मानधन द्या, वापराची परवानगी सहीनिशी घ्या. तो आवाज तुमचाच, आणि कोणाच्या जुन्या रेकॉर्डवरच्या हलगीपेक्षा जिवंत.

आता कलाकाराशी करार. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मधल्या तीन गोष्टी माहीत असल्याच पाहिजेत. हक्क सोपवण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते धरले जातात, म्हणजे दुबईत किंवा न्यू जर्सीत ऐकलेल्या गाण्यावर तुमचा अधिकार कशाने, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क लेबलला करारात लिहूनही काढून घेता येत नाही. रॅपर स्वतःच गीतकार असतो, बीट करणारा संगीतकार. दोघांनाही आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्यायला लावा. नाहीतर त्यांच्या वाट्याचे पैसे जमा होतील पण त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाहीत.

आणि वय विचारा! चांगल्या रॅपर्सपैकी एखादा हमखास सतरा वर्षांचा निघतो. अठरा वर्षांखालच्याने केलेला करार आपल्याकडे रद्दबातल असतो. अशा वेळी आई किंवा वडील पालक म्हणून करारात हवेत आणि मसुदा वकिलाच्या नजरेखालून गेलेला हवा. आम्ही एकदा त्यासाठी एका पोराच्या घरी गेलो. वडिलांनी करार वाचायच्या आधी गाणं ऐकायला मागितलं. त्यात एक शिवी होती. सही झाली, पण ती ओळ बदलून.

पैशांची वाटणी लिहिताना एकच प्रश्न खरा असतो: खर्च वसूल करायचा तो गाण्यागणिक की अल्बमगणिक? आकडे धरून बघू. दहा गाण्यांचा खर्च प्रत्येकी ६,००० धरला तर एकूण ६०,००० रुपये. एका गाण्याने १०,००० कमावले, बाकी नवांनी प्रत्येकी ५००. गाण्यागणिक हिशोब असेल तर चाललेल्या गाण्याचे ६,००० वजा जाऊन ४,००० उरतात आणि निम्मे-निम्मे ठरलं असेल तर कलाकाराला २,००० मिळतात. अल्बमगणिक असेल तर एकूण कमाई १४,५००, खर्च ६०,०००, आणि ज्याच्या गाण्यावर अल्बम चालला त्याच्या हातात शून्य. लेबलला दुसरी पद्धत सोयीची असते हे मला ठाऊक आहे. पण तो पोरगा पुढच्या वेळी फोन उचलत नाही. आम्ही गाण्यागणिक करतो, आणि पोस्टर, लाँच वगैरे सामाईक खर्च लेबलच्या माथ्यावर.

जोडीच्या गाण्यांत आणि सायफरमध्ये कोणाचा किती वाटा, हे त्या दिवशी स्टुडिओतून बाहेर पडायच्या आधी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्याकडे सायफरचे सात समान वाटे असतात: सहा रॅपर आणि बीटवाला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला आपलाच व्हर्स (कडवं) सगळ्यात भारी वाटायला लागतो, म्हणून त्याच दिवशी.

रेकॉर्डिंग: एकाच छपराखाली

रॅपर जे. कोलच्या ड्रीमव्हिल लेबलने जानेवारी २०१९ मध्ये अटलांटातल्या एका स्टुडिओत दहा दिवस मुक्काम टाकला आणि आपल्या कलाकारांसोबत बाहेरच्यांनाही निमंत्रणं धाडली. तिथे शंभराहून अधिक गाणी झाली. जुलैत 'रिव्हेंज ऑफ द ड्रीमर्स ३' आला तेव्हा त्यात १८ होती. मला यातला गाळायचा आकडा महत्त्वाचा वाटतो.

आपल्याला दहा दिवसांचा स्टुडिओ परवडत नाही. पण एक शनिवार-रविवार आणि कोणाचं तरी गावाकडचं रिकामं घर परवडतं. एक खोली निवडा, भिंतींवर गोधड्या टांगा, पंखा बंद, फ्रिजचा स्विच बंद. सगळ्यांचे आवाज एकाच माईकवर, एकाच इंटरफेसमधून (माईक संगणकाला जोडणारी पेटी) घ्या. पोरं आपापल्या घरी, आपापल्या माईकवर रेकॉर्ड करून पाठवतात तेव्हा कोणाचा आवाज डब्यातला, कोणाचा बाथरूममधला, आणि मग मिक्सवाल्याने कितीही डोकं आपटलं तरी ते सगळे एका घरातले वाटत नाहीत. एकत्र राहण्याचा दुसरा फायदा असा की जोड्या आपोआप ठरतात. मी कागदावर ठरवलेल्या तीन जोड्यांपैकी दोन रविवारी सकाळच्या पोह्यांपर्यंत मोडल्या होत्या, आणि नव्याने जमल्या त्या जास्त चांगल्या होत्या.

सायफरचं मात्र आधी गणित करून जा. ९० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला ९० ठेके असताना, एक बार (चार ठेके) साधारण २.६७ सेकंदांचा. सहा जणांना १६-१६ बार दिले तर ९६ बार, म्हणजे ४ मिनिटं १६ सेकंद, आणि आठ बारांचा हूक (ध्रुवपद) दोनदा घेतला की गाणं पाच मिनिटांवर. चौथ्या रॅपरपर्यंत कोणी पोहोचत नाही. १२ बार दिले की सगळं चार मिनिटांच्या आत बसतं. पोरं कुरकुरतात, चार बार कापायला लागतात, आणि कापलेले चार नेमके भरताडच निघतात. आणखी एक: प्रत्येकाने आपल्या व्हर्सच्या पहिल्या दोन बारांत स्वतःचं नाव घ्यायचं. जुनीच रीत आहे, पण नावं लक्षात राहायला तिच्यासारखी दुसरी युक्ती मला सापडलेली नाही.

मिक्स, मास्टर, क्रम

मिक्स (आवाज आणि बीटचा मेळ) दोघांनी केलं तरी चालेल, मास्टर (गाण्यावरचा शेवटचा हात) एकानेच करावं, सगळी गाणी एका बैठकीत शेजारी-शेजारी ठेवून. मिक्स देताना मास्टर चॅनलवरचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर दाबणारं साधन) काढून द्या, वर थोडी मोकळी जागा ठेवा, फाइल २४ बिट वेव्ह. "माझं गाणं सगळ्यात जोरात पाहिजे" हा हट्ट ऐकू नका. स्पॉटिफाय ऐकवताना सगळ्यांना साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचं माप) पातळीवर आणतं, त्यामुळे ठासून जोरात केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि चपटं ऐकू येतं.

क्रम लावताना सगळ्यात नावाजलेला कलाकार पहिला ठेवायचा मोह होतो. आम्ही त्याला तिसऱ्यावर ठेवतो, आणि पहिल्यावर ज्याचा आवाज सगळ्यात वेगळा तो. दुसऱ्यावर जोडीचं गाणं, ज्यात पहिलाच पुन्हा येतो, सोबत एक नवा. असं साखळीने पुढे जायचं. सायफर सातवं. अगदी शेवटी ठेवलं तर तोवर बरेच जण निघून गेलेले असतात, सुरुवातीला ठेवलं तर आवाज ओळखीचे नसतात. दोन गाण्यांमध्ये चार-पाच सेकंद मुक्कामातलेच तुकडे घातले तर छान: कोणी हसतंय, कोणी "परत घे" म्हणतंय. स्किट मात्र नको. दीड मिनिटाचा विनोद दुसऱ्यांदा कोणी ऐकत नाही.

नावं भरताना डोळे उघडे ठेवा

डिस्ट्रिब्यूटरच्या (गाणी स्पॉटिफायसारख्या ॲप्सवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये एक चूक आणि महिन्याभराची धावाधाव, हे मी भोगलंय. आमच्या एका पोराचं टोपणनाव दोन अक्षरी, तेच नाव ब्राझीलच्या कोणा गायकाचं. फॉर्म भरताना "नवीन प्रोफाइल" निवडायचं राहिलं आणि आमचं वऱ्हाडी गाणं त्या बिचाऱ्याच्या पानावर झळकलं. त्याच्या चाहत्यांनी ऐकलंही असेल! म्हणून टोपणनाव पक्कं करण्याआधीच ते सगळीकडे शोधून बघा. रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि सगळ्या गाण्यांत तेच ठेवा, नाहीतर एकाच पोराची तीन पानं होतात. प्रत्येक गाण्यात गीतकार आणि संगीतकार म्हणून खरी, पूर्ण नावं भरा. भाषा मराठी निवडा. शिव्या असतील तर एक्सप्लिसिटची खूण करा.

अल्बमचा कलाकार म्हणून काय लिहायचं यावर विचार करा. 'व्हेरियस आर्टिस्ट्स' लिहिलं की अल्बम पोरांच्या पानावर त्यांचा म्हणून दिसत नाही, 'अपिअर्स ऑन'मध्ये खाली जाऊन बसतो. त्यापेक्षा टोळीला एक नाव द्यावं आणि अल्बम त्या नावाने काढावा. ड्रीमव्हिलने लेबलचंच नाव कलाकार म्हणून लावलं, तसं.

बाहेर काढणं

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पिच करायचं (प्लेलिस्टसाठी सुचवायचं) तर ते प्रसिद्ध व्हायच्या आधीच करावं लागतं, किमान सात दिवस आधी केलेलं बरं. आणि कॉम्पिलेशनमधलं, म्हणजे अनेक कलाकारांच्या संग्रहातलं, गाणं पिच करता येत नाही. म्हणजे अल्बम कॉम्पिलेशन म्हणून थेट टाकला तर तो दरवाजा तुम्ही स्वतःच लावून घेतला. म्हणून तीन सिंगल आधी. आमचा क्रम: पहिलं सायफर, कारण ती हजेरी आहे, सगळ्यांची नावं एका दमात जातात. तीन आठवड्यांनी सगळ्यात वेगळ्या आवाजाचं एकट्याचं गाणं, आणखी तीन आठवड्यांनी एक जोडीचं. मग पूर्ण अल्बम. सिंगलचा आयएसआरसी कोड, म्हणजे रेकॉर्डिंगची बारा अक्षरांची ओळख, अल्बममध्ये तोच वापरा आणि ऑडिओ फाइलही तीच. मग सिंगलचे स्ट्रीम अल्बममधल्या गाण्यातही मोजलेले दिसतात. मधल्या काळात मिक्स "जरा सुधारून" घेतलं तर मोजणी जुळण्याचा भरवसा राहत नाही, म्हणून सिंगल निघायच्या आधीच मिक्सला कुलूप लावा.

व्हिडिओचे पैसे नसतील तर देवनागरीत शब्द दिसणारा साधा व्हिडिओ करा आणि प्रत्येक व्हर्स सुरू होताना कोपऱ्यात रॅपरचं नाव मोठ्या अक्षरांत. शुद्धलेखन कोणाकडून तरी तपासून घ्या. पाणीला पानी हे मुद्दाम बोलीत लिहिलंय की चुकून, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

लाँचला मोठा हॉल घेऊ नका. साठ माणसांच्या खोलीत साठ माणसं आली की गर्दी होते, तीनशेच्या हॉलमध्ये तीच साठ लाजिरवाणी दिसतात. अल्बमच्याच क्रमाने सादर करा. संपल्यावर आम्ही दारात एक वही ठेवली होती: "आज ऐकलेली नावं लिहा, आठवतील तेवढी." पहिल्या अल्बमच्या वेळी हे केलं असतं तर वही कोरी राहिली असती. या खेपेला बहुतेकांनी तीन-चार लिहिली. एकाने सहाच्या सहा लिहिली, पण तो एका रॅपरचा धाकटा भाऊ निघाला.

नंतरचा हिशोब

डिस्ट्रिब्यूटरचे आकडे दोन-तीन महिने मागून येतात, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्या आठवड्यात "भाई, पैसे?" सुरू होतं. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला त्याच्या गाण्यांचा तक्ता पाठवायचा: किती स्ट्रीम, किती आले, खर्चापोटी किती वळते झाले, किती उरले. सगळे स्टेम्स आणि सह्या केलेले कागद दोन वेगवेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्कवर ठेवा. एखादा पोरगा दुसऱ्या लेबलकडे गेला तरी मुदत संपेपर्यंत त्यालाही तक्ता जायला हवा. आमचा पहिला तक्ता गेला तेव्हा एकाच्या नावापुढे २१२ रुपये होते आणि दोघांच्या नावापुढे शून्य. त्या दोघांनाही तो पाठवला.